नाला नसलेली मोरी

३ मार्च १९८८, गुरुवार. धुळे.

कुमुदिनी यशवंत भंगाळे,

तुझे पूर्ण नाव मी आजवर दोनच वेळा लिहिले. एकदा १९८५ साली, बांधकाम उपविभागाच्या पत्रावर. दुसऱ्यांदा गेल्या डिसेंबरात, मृत्युनोंदणीच्या अर्जावर. हाक तर कधी मारलीच नाही. एकोणतीस वर्षे ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवर भागले. आता हाक मारायचीच तर पूर्ण नावाने मारावी, असे वाटते. उत्तर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी विज्ञान शाखेचा माणूस आहे.

आज तुझ्या महाविद्यालयाचा शिपाई आला. ग्रंथालयाची तीन पुस्तके परत हवी होती. तुझे कपाट पहिल्यांदा उघडले. पुस्तकांच्या मागे निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पहिल्या पानावर माझे पत्र चिकटवलेले!

‘श्रीमती कुमुदिनी यशवंत भंगाळे, अधिव्याख्यात्या, प्राणिशास्त्र विभाग, यांस. निमखेडी पाझर तलावालगतच्या रस्त्याखाली बेडकांसाठी मोऱ्या बांधण्याबाबतचा आपला अर्ज विचारात घेण्यात आला. सदर ठिकाणी नैसर्गिक जलप्रवाह नसल्याने मोरी अनुज्ञेय नाही. आपला विश्वासू, य. रा. भंगाळे, उपअभियंता.’

कार्यालयाचा विषय घरात बोलायचा नाही, हा माझा नियम. म्हणून घरी सांगितले नाही, टपालाने पाठवले. त्या संध्याकाळी तू पानात भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, “तुमचं पत्र मिळालं. भाषा चांगली आहे.”

बस्स, एवढेच.

४ मार्च

घरात कोणी बोललेले ऐकून किती दिवस झाले, याचा हिशेब लागला नाही. म्हणून आज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. आवाज बसलेला निघाला. कालच्यासारखे ‘तू’ म्हणून लिहिणे मात्र पुन्हा जमणार नाही.

६ मार्च

वही पूर्ण वाचली. तीन पावसाळ्यांच्या नोंदी. टेकडीच्या खडकांत उन्हाळाभर दडून बसलेले भेक पाऊस पडला की अंडी घालायला तलावाकडे निघतात. मध्ये आमचा रस्ता. (बेडूक म्हटलेले तिला चालत नसे. “कोरड्या, खडबडीत कातडीचा तो भेक. तुमच्या सगळ्या मोऱ्या सारख्या असतात का?”) किलोमीटर ११च्या दगडापासून पुढे तीनशे मीटरचा पट्टा. कुठे किती मेले, कुठे किती पार झाले, सारे पावलांत मोजलेले. १९८६च्या एका संध्याकाळी मेलेले ३१२.

त्या संध्याकाळी ती भिजून आली होती. मी तिला आत येण्याआधी अंगणातल्या नळावर हात धुवायला लावले होते.

१३ मार्च, रविवार

एस.टी.ने निमखेडी फाट्यावर उतरलो. सुट्टीच्या दिवशी खात्याची जीप वापरणे योग्य नाही.

त्या पट्ट्यावर आमचाच मैलमजूर आहे, झुलाल. रस्त्याची खड्डेभरणी, झाडांची राखण ही त्याची कामे. मला वही घेऊन पावले मोजताना पाहिले आणि फावडे खाली ठेवून आला.

“बाईनी वही शे का ती?”

मी थांबलो. तुला कसे माहीत, विचारले.

“मी कंदील धरू, बाई मोजेत. तीन साल. त्या दगडवर बसेत, छत्री धरीसन.”

माझ्या खात्याचा माणूस! दर महिन्याला हजेरीपटावर मी त्याच्यासमोर सही करतो. मला का सांगितले नाहीस, असे जरा कठोरपणेच विचारले.

“बाईनीच सांगं व्हतं. साहेबले सांगू नको. त्यासले नियमना तरास व्हई.”

परतीच्या बसमध्ये बसायला जागा होती. तरी उभा राहिलो.

२५ मार्च

मी ३१ जुलैला सेवानिवृत्त होत आहे. तत्पूर्वी हे काम करायचे, असे ठरवले आहे.

निमखेडी रस्त्याचे रुंदीकरण या वर्षी मंजूर आहे. त्याच अंदाजपत्रकात तीन नळमोऱ्या घालता येतील. परंतु जिथे नाला नाही तिथे मोरी मंजूर होत नाही. हे मीच लिहून दिले आहे. म्हणून आज नकाशावर टेकडीपासून तलावापर्यंत एक नाला काढला. निळ्या शाईने, नियमाप्रमाणे बाण दाखवून.

असा नाला जमिनीवर नाही. तेहतीस वर्षांत मी काढलेली ही पहिली खोटी रेघ. शाई वाळल्यावर नकाशा गुंडाळून ठेवला.

११ एप्रिल

मंजुरी आली. कार्यकारी अभियंता देवरे पूर्वी माझ्याच हाताखाली शाखा अभियंता होते. कागद न उलटता सही केली. “भंगाळे साहेबांनी तपासलंय ना? मग मी काय तपासणार!”

जिन्याने खाली उतरताना कान तापले होते.

१९ एप्रिल

वहीच्या शेवटच्या पानावर तिचे रेखाटन आहे. दोन फूट व्यासाचे नळ. आत माती पसरलेली (‘नुसते सिमेंट तापते, कोरडे पडते, भेक आत जात नाही’). रस्त्याच्या दोन्ही कडांना सव्वा फूट उंचीची आडभिंत, म्हणजे भेक रस्त्यावर न चढता भिंतीच्या कडेकडेने नळाच्या तोंडाशी येईल. आणि तोंडाशी लिहिले आहे: ‘उतरण. पायरी किंवा खड्डा अजिबात नको.’ खाली दोन रेघा.

शाखा अभियंता मगन वाघ यांना दाखवले. ते म्हणाले, “साहेब, बाकी सगळं बसवू. पण वरच्या अंगाला गाळकुंडी दाखवली नाही तर तांत्रिक शाखा नकाशा परत पाठवेल. प्रवाह दाखवलाय म्हटल्यावर गाळ अडवायला कुंडी पाहिजेच.”

त्यांचे बरोबर आहे. प्रमाण नकाशात नळाच्या वरच्या तोंडाशी तीन फूट खोल चौकोनी कुंडी असते; तीत गाळ बसतो आणि पाणी नळात जाते. मी ती काढली. बाईमाणसाला जलनिस्सारणातले बारकावे ठाऊक असण्याचे कारण नाही, असेही मनात आले. लिहून ठेवतो, कारण मनात आले होते.

८ मे

काम चालू. ऊन असह्य. झुलालची बायको मंदाबाई मजुरांना पाणी घेऊन येते. आडभिंत पाहून तिने पदर तोंडाला लावला.

“साहेब, बेडूकसनं लगीन लावी राहिनात का? मांडव बांधा, भित बांधी...”

झुलाल म्हणाला, “तू गानं म्हन, वऱ्हाड यी जाई पाऊसमा.”

सारे मजूर हसले. मीही हसलो असावे, कारण मगन वाघ माझ्याकडे टक लावून पाहत होते.

१६ मे

शैलजाचे पत्र, नाशिकहून. ‘पप्पा, ३१ जुलैनंतर लगेच या. एकटे राहू नका. तुमच्यासाठी पुढची खोली रंगवून घेतली आहे.’ आभार मानणारे उत्तर लिहिले. मुलीला आभाराचे पत्र कसे लिहावे, ते नीट साधले नाही. तिची आईच लिहीत असे. मी खाली ‘आशीर्वाद’ लिहून सही करी.

२ जून

मोऱ्या पूर्ण. नळांत चार इंच माती पसरली. गिलावा उत्तम. कुंड्यांच्या भिंती ओळंब्यात सरळ उभ्या, आरशासारख्या गुळगुळीत. मगन वाघ म्हणाले, “साहेब, असलं काम आपल्या उपविभागात दुसरं नाही.”

मला समाधान वाटले. तिला दाखवावे असे वाटले आणि मग बराच वेळ नळातल्या मातीकडे पाहत उभा राहिलो.

९ जून

काही नाही.

१७ जून

दुपारी चारपासून पाऊस. पाचच्या बसने निमखेडी. झुलाल कंदील घेऊन फाट्यावर उभाच होता.

साडेसहाला टेकडीवरून उतरू लागले. एवढे असतील असे वाटले नव्हते. दगडादगडामागून, ओबडधोबड, मातीच्या रंगाचे. घाई नाही. चार उड्या, मग थांबणे. आडभिंतीशी आले, वर चढायचा प्रयत्न केला, जमले नाही, वळले आणि भिंतीच्या कडेने नळाकडे चालू लागले. तिने काढले होते तसे, अगदी तसेच! रस्त्यावर एकही नाही. एक मालमोटार गेली आणि तिच्या चाकाखाली काही म्हणजे काही नव्हते.

मी झुलालचा हात धरला. आयुष्यात प्रथमच एखाद्या मैलमजुराचा हात धरला असेन.

शेवटची बस आठची होती. टेकडीकडची आडभिंत पाहून आनंदाने परतलो. नळांच्या तोंडांपर्यंत गेलो नाही, तलावाकडची बाजूही पाहिली नाही.

१८ जून

सकाळी सातला झुलाल दारात. सायकलवर अकरा किलोमीटर आला होता. आत येईना.

“साहेब, चला. तठे कोनीच गयं नई.”

काय पाहिले ते लिहितो. तीनही कुंड्या भरलेल्या होत्या. गाळाने नव्हे. आडभिंतीने टेकडीवरचा एकूण एक भेक नळाच्या तोंडाशी आणून सोडला होता, आणि तोंडाशी माझी कुंडी होती. नळ कुंडीच्या तळापासून दीड फूट वर. ओळंब्यातल्या, आरशासारख्या भिंती. ते खाली पडले. चढता आले नाही. साचलेल्या पाण्यात एकावर एक. खालचे बुडून मेले. वरच्यांवर कावळे बसले होते.

मी खाली उतरलो. बूट काढायचे सुचले नाही. घमेल्यात भरभरून वर दिले. झुलालने तलावाच्या काठावर ओतले. भेक हातात धरला की मुततो. हे तिने मला सांगितले होते. मी विषय बदलला होता. दुपारपर्यंत शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत त्याच वासाच्या झाल्या.

मेलेले ५४०. तिच्या तीन वर्षांच्या रस्त्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त.

तिने दोन रेघा मारल्या होत्या. नसलेल्या नाल्याचा नसलेला गाळ अडवण्यासाठी मी तीन फूट खोल कुंडी बांधली. खोटे तर बोललोच, पण तेही नियमाप्रमाणे बोललो!

१९ जून, रविवार

कुंड्या बुजवल्या. खाली दगड, वर मुरूम, त्यावर माती. नळाच्या तोंडापर्यंत सलग उतरण. मी आणि झुलाल, दोघांनीच. लेखी आदेश काढला नाही. मंदाबाईने कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. जमिनीवर बसून खाल्ले. ती म्हणाली, “साहेब, हात तं धुवा.”

२२ जून

दुसरा मोठा पाऊस. या वेळी तलावाच्या बाजूला, नळाच्या तोंडासमोर बसलो. तिच्याच दगडावर, झुलालने दाखवला.

बराच वेळ नळ रिकामा होता. नंतर आत, दूरवर, काहीतरी हलले. एक आला. नळाच्या काठाशी थांबला, गळा हलवला आणि पाण्याकडे गेला. मग दुसरा. मग मोजणे अवघड झाले. झुलाल कंदील धरून होता, मी वहीत रेघा मारत होतो. २८७ पार. मेलेला एकही नाही.

“बाई राह्यत्यात तं...” झुलाल म्हणाला आणि वाक्य सोडून दिले. मीही ते पूर्ण केले नाही.

घरी आलो. कोणाला सांगायचे? कुलूप काढून अंधारात उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “दोनशे सत्त्याऐंशी.”

८ जुलै

देवरे यांची पाहणी. सोबत मगन वाघ. तिसऱ्या मोरीशी देवरे थांबले.

“भंगाळे साहेब, कुंडी कोणी बुजवली?”

“मी.”

“का?”

“बेडकांना जाता यावे म्हणून.”

ते हसले. मी थट्टा करत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. मी सहसा करतच नाही. मग हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, तुमचे तीन आठवडे राहिलेत. कशाला नसती चौकशी? मैलमजुराने न विचारता बुजवली, असं लिहा. त्याला समज देतो, कुंड्या उकरून घेतो. विषय संपला.”

झुलाल फावड्यावर हात ठेवून तिथेच उभा होता. म्हणाला, “लिखा ना साहेब. समज तं काय, माले मंदाबी रोज देस.”

देवरेही हसले. मी सवडीने लिहून देतो, एवढेच म्हणालो.

९ जुलै

स्पष्टीकरण लिहिले. चार मसुदे फाडले. शेवटचा पुढीलप्रमाणे:

‘सदर ठिकाणी नाला अस्तित्वात नाही व कधीही नव्हता. नकाशावरील प्रवाहरेषा मी हेतुपुरस्सर, खोटी दाखवली आहे. कुंड्या मीच बुजवल्या. मैलमजूर झुलाल याचा यात दोष नाही. मोऱ्यांचे मूळ संकल्पन कै. कुमुदिनी यशवंत भंगाळे यांचे असून त्यातील एकमेव चूक माझी आहे.’

टंकलेखकाने कागद यंत्रात घातला, वाचला आणि माझ्याकडे पाहिले. “साहेब, हे असंच टंकू?” म्हणालो, असेच.

सरकारी कागदावर तिचे नाव तिसऱ्यांदा लिहिले.

१२ जुलै

कार्यालयात मी आलो की बोलणे थांबते. आज पाणी प्यायला गेलो तेव्हा पाठीमागून ऐकू आले: “बाई गेल्यापासून साहेबांचं...” पुढे बहुधा बोटाने कपाळाकडे खूण. भांडे नीट उपडे ठेवून परत आलो.

१८ जुलै

ज्ञापन मिळाले. खातेनिहाय चौकशी; निवृत्तीनंतरही चालू राहील. निरोप समारंभ रद्द झाल्याचे मगन वाघ यांनी सांगितले. मला त्याचे फारसे वाटले नाही. भाषण लिहायचे होते, ते काम वाचले.

सोबत दुसरा आदेश होता, आणि त्याचे वाटले. ‘कुंड्या दि. १ ऑगस्ट रोजी उकरून प्रमाण नकाशाप्रमाणे पूर्ववत कराव्यात.’

भेक तर तलावात पोहोचले, आता जूनपर्यंत चिंता नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

२८ जुलै

झुलालचा निरोप: “साहेब, यीसन देखा.” सहाच्या सुमारास पोहोचलो.

तलावाच्या काठचे गवत हलत होते. वाकून पाहिले. पिल्ले! शेपटी नुकतीच गळलेली, काळसर, तुरीच्या डाळीएवढी. हजारोंनी, आणि सारी टेकडीकडे निघालेली. आडभिंतीच्या कडेने, नळातून, पलीकडे आमच्या उतरणीवरून वर, खडकांत.

“बाईनी हाई देखंच नई,” झुलाल म्हणाला. “त्या पह्यला पाऊसले येत. मांगून परीक्षा, पेपर... येवाले जमेच नई.”

वही उघडली. परतीचा रकानाच नाही. तिच्या तीन वर्षांत जाणे आहे, येणे नाही. मी पट्टी घेतली आणि नवा रकाना आखला. आकडा मात्र लिहिता आला नाही. मोजता येण्यासारखे ते नव्हते.

झुलाल म्हणे, हे आणखी पंधरा-वीस दिवस चालते. आणि सोमवारी कुंड्या उकरणार. उलट बाजूने येणारी पिल्ले नळातून निघून थेट दीड फूट खाली पडतील. एवढ्याशा जिवाला ती भिंत म्हणजे कडाच.

२९ जुलै

देवरे यांना भेटलो. तीन आठवडे थांबा, एवढीच विनंती. आयुष्यात वरिष्ठाला केलेली पहिली विनंती.

“साहेब, तुमचा मान राखून सांगतो. आदेश वरून आहे. कुंड्या उकरून झाल्याचा अहवाल सोमवारी जायलाच हवा. त्यानंतर तिकडे वर्षभर कोणी फिरकत नाही.” मग दाराकडे पाहत म्हणाले, “नाशिकला हवा छान आहे म्हणतात.”

३० जुलै

उद्या रविवार, म्हणून आजच कार्यभार सोपवला. मगन वाघ वाकून पाया पडले. मी मागे सरलो. मग थांबलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शैलजाने पाठवलेले तिकीट खिशात आहे, सोमवारचे, सकाळी सातच्या गाडीचे.

३१ जुलै

सामान बांधले. तिच्या साड्या एका पेटीत. माझे सामान दुसऱ्या पेटीत, अर्धी पेटी रिकामी राहिली.

१ ऑगस्ट १९८८, सोमवार

सकाळी सातची गाडी सोडली. शैलजाला तार केली: येत नाही, काळजी नसावी. निमखेडीत झुलालच्या घरामागची खोली घेतली आहे. दुपारी चारला कुंड्या उकरून खात्याची माणसे परतली. पाचला मी आणि झुलालने पहिला दगड आत टाकला. शासकीय बांधकामात खासगी व्यक्तीने फेरफार करणे हा गुन्हा आहे. नियम मला पाठ आहे.

सकाळी धुळ्याहून निघताना सरकारी निवासस्थानाचे दार बंद केले. कुलूप दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या कार्यालयात जमा केल्या, पोच घेतली.